मस्तक-इजा निकष आणि विमानातील आसनांची चाचणी : एक चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने (यापुढे ‘एफएए’) १९८८ च्या जून महिन्यात मोठ्या प्रवासी विमानांच्या आसनांसाठी एक नवे कलम अमलात आणले. विमान-योग्यता नियमावलीच्या २५ व्या भागातील हे ५६२ वे कलम होय. आज नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानांची आसने या कलमाच्या किंवा त्याच धर्तीवरील युरोपीय कलमाच्या कसोटीला उतरावी लागतात. भारतीय कंपन्यांच्या ताफ्यात दाखल होणारी बोइंग व एअरबस विमानेही त्याला अपवाद नाहीत. कलमाचा मजकूर मोठा नाही. परंतु त्यातील एका उपकलमाने आसन घडविणाऱ्या अभियंत्यांची झोप गेली तीन दशके उडविली आहे. प्रवाशाचे डोके पुढील आसनावर वा अन्य एखाद्या भागावर आपटण्याचा संभव असेल, तेथे त्या आघाताचा ‘मस्तक-इजा निकष’ १००० च्या वर जाता कामा नये, असा त्या उपकलमाचा आशय आहे.

या कलमाने विमानप्रवास निश्चितच अधिक सुरक्षित केला, याविषयी दुमत संभवत नाही. जमिनीपासून उखडून एकमेकांवर आदळणाऱ्या आसनांच्या रांगा हे पूर्वीच्या अपघातांतील नेहमीचे दृश्य होते. ते पुष्कळ अंशी कमी झाले. तथापि, एखादा नियम उपकारक ठरला म्हणजे त्यातील प्रत्येक आकडा योग्य आहे असे सिद्ध होत नाही. १००० हा आकडा विमानासाठी शोधलेला नव्हता. तो मोटारीच्या क्षेत्रातून उसना आणला गेला आणि उसना आणताना मोटार व विमान यांतील एक मूलभूत भेद नजरेआड झाला. हा भेद कोणता आणि त्याचे परिणाम काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चाचणीचे स्वरूप

१९८८ पूर्वीची कसोटी स्थितिक स्वरूपाची होती. आसनावर पुढच्या दिशेने, प्रवाशाच्या व आसनाच्या वजनाच्या नऊपट भार द्यावयाचा. तीन सेकंद आसनाने तो पेलला, की आसन उत्तीर्ण. या पद्धतीतील उणीव उघड आहे. खरा अपघात तीन सेकंद थांबत नाही. तो सेकंदाच्या एक-दोन दशांशांत उरकतो, त्यात जमीन वाकते, रूळ पिळवटतात. आणि मुख्य म्हणजे आसनावर माणूस बसलेला असतो, ज्याचा स्थितिक कसोटीत मागमूसही नसतो.

१९७० व १९८० च्या दशकांत या उणिवेवर बरेच संशोधन झाले. त्यातील सर्वाधिक गाजलेला प्रयोग १ डिसेंबर १९८४ चा. एफएए आणि नासा यांनी कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावर बोइंग ७२० जातीचे एक जुने विमान दूरनियंत्रणाने मुद्दाम जमिनीवर आपटविले. अपघातानंतर भडका उडू न देणारे इंधन तपासणे हा त्यामागील मुख्य हेतू होता आणि तो साफ फसला. विमानाने डोळ्यांदेखत पेट घेतला. परंतु आत मापनयंत्रे लावलेले पुतळे निरनिराळ्या आसनांवर बसविलेले होते, आणि आसनांच्या वर्तनाविषयीची बरीच माहिती या फसलेल्या प्रयोगातून हाती आली.

नव्या कलमाने स्थितिक कसोटी कायम ठेवून तिच्या जोडीला दोन गतिक चाचण्या सांगितल्या. रुळांवरून धावणाऱ्या ‘स्लेड’ नामक गाडीवर आसन बसवायचे, आसनावर पट्टा बांधलेला पुतळा ठेवायचा आणि अपघातातील धक्क्याएवढा धक्का त्या गाडीला द्यावयाचा. पहिल्या चाचणीत आघाताची दिशा प्रामुख्याने खालून वर असते. वेगातील बदल सेकंदाला किमान ३५ फूट आणि मंदनाचे शिखर गुरुत्वीय त्वरणाच्या किमान १४ पट, म्हणजे १४ ‘जी’ असावे लागते. या चाचणीत कण्याच्या कमरेकडील भागावर किती दाब येतो ते पाहतात. दुसरी चाचणी पुढच्या दिशेची. तीत वेगातील बदल सेकंदाला किमान ४४ फूट, म्हणजे ताशी सुमारे ४८ किलोमीटर, आणि शिखर किमान १६ जी. आसन १० अंश तिरपे ठेवतात आणि जमिनीवरील रूळही मुद्दाम १० अंशांनी वाकवून घेतात. ‘सोळा जी आसन’ हा विमान-व्यवसायातील रूढ शब्दप्रयोग या दुसऱ्या चाचणीवरून आला. ओक्लाहोमा सिटी येथील एफएएच्या वैद्यकीय संस्थेत आणि कॅन्सस राज्यातील विचिटा विद्यापीठात अशा चाचण्यांवर मूलभूत स्वरूपाचे काम झाले आहे.

दुसऱ्या चाचणीत डोक्याचे काय होते ते जरा बारकाईने पाहणे आवश्यक आहे. विमानातील सर्वसाधारण आसनाला केवळ कमरपट्टा असतो. मोटारीतल्याप्रमाणे खांद्यावरून जाणारा पट्टा नसतो. त्यामुळे धक्का बसताच कंबर जागेवर राहते आणि धड बिजागरीवरच्या दारासारखे पुढे वळते. डोके एका मोठ्या कंसातून प्रवास करीत, क्षणार्धात पुढील आसनाच्या पाठीवर, खाण्याच्या फळीच्या कडीवर किंवा अलीकडे तेथे बसविलेल्या चित्रपडद्यावर जाऊन आदळते. पुतळ्याच्या डोक्यात तीन दिशांचे त्वरण मोजणारी यंत्रे असतात. त्यांनी नोंदविलेल्या आलेखावरून एकच संख्या काढली जाते. ती ९९९ आली तर आसन उत्तीर्ण आणि १००१ आली तर अनुत्तीर्ण. परीक्षा-पद्धतीचा अनुभव असणाऱ्या अध्यापकवर्गाला उत्तीर्णतेच्या रेषेचे हे अजबपण नव्याने सांगायला नको.

निकषाची वंशावळ

ही संख्या काढण्याची रीत अशी : आघाताच्या आलेखातील कोणताही एक कालखंड घ्यावा, त्या कालखंडातील सरासरी त्वरण ‘जी’मध्ये काढावे, त्याचा २.५ वा घात करावा आणि कालखंडाच्या सेकंदांनी गुणावे. असे सर्व संभाव्य कालखंड तपासून जी सर्वांत मोठी संख्या येईल ती निकषाचे मूल्य. १०० जी इतके त्वरण सेकंदाचा शंभरावा भाग टिकले तर उत्तर नेमके १००० येते. ६० जी त्वरण ०.०३६ सेकंद टिकले तरी ते जवळजवळ तेवढेच येते. घातांकाचा परिणाम असा की, त्वरण दुप्पट झाले तर निकष साडेपाच पटींहून अधिक वाढतो. तीव्र आणि क्षणिक आघाताला त्यामुळे कठोर शिक्षा होते. सौम्य व दीर्घ आघाताला सवलत मिळते.

२.५ हा घातांक आला कोठून? त्यासाठी डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठात जावे लागते. मज्जातंतुशल्यविशारद गुर्जियन आणि अभियंता लिस्नर यांनी तेथे शवांची डोकी, कपाळ खाली करून, कठीण पृष्ठभागावर पाडली आणि कवटीला रेषाकृती तडा जाण्यासाठी किती त्वरण किती काळ लागते ते मोजले. कवटीला तडा गेलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्यांच्या मेंदूला हादरा बसलेला असतो, असा त्यांचा वैद्यकीय अनुभव होता. तेव्हा तडा हीच हादऱ्याची खूण मानण्यात आली. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आलेखाचा अल्पकालीन आघातांचा भाग अशा अगदी मोजक्या शव-प्रयोगांवर उभा होता. दीर्घकालीन आघातांचा भाग तर वेगळ्याच ठिकाणाहून आला : स्लेडवर बसलेल्या स्वयंसेवकांच्या प्रयोगांतून. जॉन पॉल स्टॅप या लष्करी वैद्यकाने डिसेंबर १९५४ मध्ये स्वतःच्या देहावर ४६ जीपेक्षा अधिक मंदन सोसले, हा त्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग. मात्र अशा प्रयोगांत स्वयंसेवक भक्कम पट्ट्यांनी जखडलेले होते आणि त्यांचे डोके कशावरही आपटलेले नव्हते. एकाच वक्ररेषेचे एक टोक मृताच्या फुटलेल्या कवटीवर आणि दुसरे टोक जिवंताच्या न आपटलेल्या डोक्यावर टेकलेले आहे, ही गोष्ट या निकषाच्या प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९६६ मध्ये जनरल मोटर्सच्या गॅड यांनी ही वक्ररेषा लघुगणकी कागदावर सरळ रेषेच्या रूपात मांडली. त्या रेषेच्या उतारावरून २.५ हा आकडा मिळाला. १९७१ मध्ये फोर्ड कंपनीच्या व्हर्सेस यांनी गॅड यांच्या मांडणीतील गणिती दोष दाखवून सुधारित सूत्र सुचविले आणि त्यावरून १९७२ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने आजचा निकष मोटारींसाठी स्वीकारला. पुढे १९८५ मध्ये प्रसाद आणि मेर्ट्झ यांनी उपलब्ध शव-प्रयोगांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले. त्यानुसार निकष १००० असताना साधारणपणे सहापैकी एका प्रौढाच्या मेंदूला जीवघेणी इजा संभवते. म्हणजे १००० ही स्वीकारलेल्या जोखमीची रेषा होय, सुरक्षिततेची नव्हे. आणि जोखीम स्वीकारताना कोणत्या इजेची, हा प्रश्न तेव्हा मोटारीच्या संदर्भात विचारला गेला होता.

या निकषावरील दुसरा आक्षेप त्याहून जुना आहे. ऑक्सफर्डचे पदार्थवैज्ञानिक होलबोर्न यांनी १९४३ मध्येच जिलेटिनच्या प्रतिकृतींच्या आधारे असे मांडले होते की, मेंदूतील इजेला सरळ रेषेतील धक्क्यापेक्षा डोक्याचे अचानक फिरणे अधिक कारणीभूत असते. कारण मेंदूचा मऊ गर दाबला जाण्यास विरोध करतो, पण पिळला जाण्यास करीत नाही. १९८२ मध्ये जेनेरेली, थिबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वानरांवरील प्रयोगांतून हे दाखविले की, कवटीवर आघात न होताही केवळ परिवलनाने मेंदूतील तंतू विखुरलेल्या स्वरूपात तुटतात आणि प्राणी दीर्घकाळ बेशुद्ध राहतो. मस्तक-इजा निकषाच्या सूत्रात परिवलनाला स्थानच नाही. मोटारींच्या क्षेत्रात परिवलनावर आधारित वेगळा निकष २०१३ मध्ये मांडला गेला. विमानाच्या आसनाच्या कलमात मात्र अद्याप ते जुने सूत्र एकटेच उभे आहे.

एका नियमावलीतील दोन प्रवासी

आता मूळ भेदाकडे वळता येईल. मोटारीच्या अपघातात डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला माणूस बहुधा जागीच राहतो. लोक जमतात, दार उघडतात, रुग्णवाहिका येते. तो वाचेल की नाही हे इजेच्या तीव्रतेवर अवलंबून असते. म्हणून ‘जीवघेणी इजा होईल काय?’ हा प्रश्न मोटारीपुरता योग्य आहे. विमानात मात्र आघात हा अपघाताचा पहिला अंक असतो. दुसरा अंक आग व धूर यांचा. त्या अंकात पट्टा सोडून, अंधारात, इतरांच्या गर्दीतून, स्वतःच्या पायांनी दारापर्यंत पोहोचणे भाग असते. एक-दोन मिनिटांची बेशुद्धी वा केवळ भांबावलेपण वैद्यकीय भाषेत ‘सौम्य’ इजा ठरेल. जळत्या विमानात तीच प्राणघातक होते.

२२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टर विमानतळावर उड्डाणाच्या धावेत एका बोइंग ७३७ विमानाच्या इंजिनाला आग लागली. विमान व्यवस्थित थांबले. कोणाचेही डोके कोठेही आपटले नाही. तरीही १३७ जणांपैकी ५५ जण मरण पावले, बहुतेक धुराने. पूर्ण शुद्धीवर असलेल्या, धडधाकट माणसांची ही गत असेल तर डोक्याला हादरा बसलेल्यांची काय असेल, याचा अंदाज करता येतो. याउलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे एअरबस ए-३५० विमान तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळून संपूर्ण जळाले. परंतु मोठ्या विमानातील सर्वच्या सर्व ३७९ जण बाहेर पडले. कर्मचाऱ्यांची शिस्त वाखाणली गेली, आणि ते योग्यच झाले. पण शिस्त ऐकू येण्यासाठी माणूस शुद्धीवर असावा लागतो. त्या टकरीत आसनांवरील प्रवाशांना बसलेला धक्का तुलनेने सौम्य होता, हेही नमूद करायला हवे.

भारतातील दोन अपघात एकापुढे एक ठेवले तर हाच भेद अधिक स्पष्ट होतो. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलेल्या विमानाने पेट घेतला. १६६ पैकी १५८ जण मृत्यू पावले आणि केवळ ८ वाचले. वाचलेल्यांपैकी बहुतेक जण विमानाच्या तुटलेल्या सांगाड्यातून स्वतः बाहेर पडले होते. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली या अपघाताची न्यायालयीन स्वरूपाची चौकशी झाली. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथेही विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळले, त्याचे तुकडे झाले. परंतु आग लागली नाही. १९० पैकी २१ जण दगावले. तेथे जखमींना बाहेर काढण्यासाठी आसपासचे रहिवासी धावले आणि त्यांना वेळ मिळाला. दोन्ही अपघातांतील आघात सारखे नव्हते, त्यामुळे आकड्यांची सरळ तुलना करणे योग्य होणार नाही. मात्र आग नसते तेव्हा शुद्ध हरपलेल्याला दुसऱ्याने उचलून नेता येते, आग असते तेव्हा जो चालू शकतो तोच वाचतो, एवढे तरी त्यांवरून दिसते.

याहून लक्षणीय बाब नियमावलीच्या पोटातच आहे. त्याच २५ व्या भागात ८०३ वे कलम आहे. ४४ पेक्षा अधिक आसने असलेले विमान, निम्मी दारे बंद ठेवून, ९० सेकंदांत पूर्ण रिकामे करता आले पाहिजे, असे ते सांगते. या प्रात्यक्षिकात भाग घेणारी सर्व माणसे जागी, निरोगी व चालू शकणारी असतात. म्हणजे ८०३ व्या कलमातील प्रवासी शुद्धीवर आहे असे गृहीत धरलेले आहे, तर ५६२ व्या कलमातील प्रवासी बेशुद्ध झाला तरी आसन उत्तीर्ण होते. एकाच नियमावलीतले हे दोन प्रवासी एकमेकांना कधी भेटलेलेच नाहीत.

५६२ व्या कलमाच्या कर्त्यांना बाहेर पडण्याच्या प्रश्नाची जाणीव नव्हती, असेही म्हणता येत नाही. मांडीच्या हाडावर २२५० पौंडांपेक्षा अधिक दाब येऊ नये, अशी अट त्याच कलमात आहे. आसन इतके वाकता कामा नये की प्रवाशाला बाहेर पडायला अडथळा होईल, अशीही आहे. पाय शाबूत हवेत आणि वाट मोकळी हवी, हे त्यांनी जाणले होते. पायांना आज्ञा देणाऱ्या मेंदूसाठी मात्र त्यांनी तयार मिळालेला आकडा उचलला.

कसोटीसाठी घडविलेले आसन

आसन-निर्माते या कसोटीला कसे सामोरे गेले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. सर्वाधिक अडचण विमानाच्या आतील भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेची झाली. पुढे आसन असेल तर त्याची पाठ वाकून आघात शोषून घेते. भिंत वाकत नाही. सुरुवातीच्या काळात अशा रांगांसाठी निर्मात्यांनी सवलती मागितल्या आणि त्या काही प्रमाणात देण्यातही आल्या. नंतर भिंत व आसन यांतील अंतर वाढवून डोके भिंतीपर्यंत पोहोचूच नये अशी मांडणी झाली. २००१ पासून पट्ट्यातच बसविलेल्या हवेच्या पिशव्या काही विमानांत वापरात आल्या.

मागच्या रांगांत दोन युक्त्या प्रामुख्याने वापरल्या गेल्या. पहिली, पुढच्या आसनाची पाठ ठरावीक जोरानंतर पुढे कलंडेल अशी बिजागरी. ही निःसंशय उपकारक. दुसरी, पाठीचा पृष्ठभाग असा गुळगुळीत व कललेला ठेवायचा की डोके त्यावर ठोसा बसल्यासारखे न आदळता घसरत जावे. घसरत्या डोक्याचे सरळ रेषेतील त्वरण कमी होते आणि निकष झपाट्याने उतरतो. परंतु घसरणारे डोके फिरते, आणि त्या फिरण्याचा भार मानेवर येतो. निकष हे पाहत नाही. परिणामी, उतरलेला निकष आणि वाचलेला मेंदू या दोन गोष्टी नेहमी एकच असतील, याची खात्री देता येत नाही. निकषातील त्रुटी प्रयोगशाळेपुरती न राहता ती आसनाच्या आकारातच उतरते, हे येथे सर्वांत स्पष्ट दिसते.

पुतळ्याविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. ‘हायब्रिड-२’ हा पुतळा मध्यम बांध्याच्या, १७० पौंड म्हणजे सुमारे ७७ किलो वजनाच्या अमेरिकन पुरुषाचा. १९७० च्या दशकाच्या आरंभी तो मोटारींसाठी घडविला गेला. त्याची मान साध्या रबरी दंडगोलासारखी असून तिचे वळणे मानवी मानेशी फारसे जुळत नाही. नंतरचा ‘हायब्रिड-३’ अधिक सुधारित. विमानासाठी त्याच्या कण्यात फेरबदल करून त्याचा वापर १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला, परंतु जुना पुतळा मोडीत निघाला नाही. ठेंगण्या बांध्याच्या स्त्रीचे डोके पुढील आसनावर वेगळ्या उंचीवर आदळेल. त्या उंचीवर पाठीचा मऊ भाग असेल की फळीची कडी, हे आसनाच्या रचनेवर अवलंबून. तिच्यासाठी वेगळी चाचणी कलमात सांगितलेली नाही.

चाचणीतील पुतळा ताठ बसलेला असतो, तर सूचना मिळालेला प्रवासी वाकून डोके पुढील आसनाला टेकवून बसू शकतो. प्रत्यक्षात इजा कमीच होईल, असा युक्तिवाद निकषाच्या समर्थकांकडून केला जातो. त्यात तथ्य आहे. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केग्वर्थजवळ महामार्गाच्या बांधावर कोसळलेल्या बोइंग ७३७ विमानातील इजांचा नॉटिंगहॅमच्या शल्यविशारदांनी बारकाईने अभ्यास केला, आणि वाकून बसण्याच्या स्थितीविषयीच्या सूचना त्यानंतर सुधारण्यात आल्या. त्या विमानातील १२६ पैकी ४७ जण दगावले. वाचलेल्या ७९ पैकी ७४ गंभीर जखमी होते. आधाराशिवाय बाहेर पडू शकणारे त्यांत थोडेच. मोठी आग लागली नाही म्हणून त्यांना काढायला बचाव-पथकांना काही तास मिळाले. त्याच अपघातात डोक्यावरील सामानाचे कप्पे जवळजवळ सर्व निखळून प्रवाशांवर पडले. वाकून बसलेल्याचे कपाळ वाचते. डोक्याची मागची बाजू मात्र वरून पडणाऱ्या कप्प्याला खुली राहते. आणि धोक्याची सूचना देण्याइतका अवधी वैमानिकाला नेहमी असतोच असे नाही.

महाग आसन, स्वस्त आसन

जीवशास्त्राचे ज्ञान अपुरे होते म्हणून निकष तसाच राहिला, हे स्पष्टीकरण १९८८ साली पटण्याजोगे होते. पुढील इतिहास त्याला पुष्टी देत नाही. मोटारींच्या क्षेत्रात कालखंडाची मर्यादा आधी ०.०३६ सेकंद करण्यात आली आणि २००० साली ती ०.०१५ सेकंद करून उत्तीर्णतेची रेषा ७०० वर आणली गेली. विमानासाठी कालखंडाला मर्यादा नाही, त्यामुळे दीर्घ स्पर्शाच्या बाबतीत विमानाचा नियम उलट कडक ठरतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तथापि, तो कडकपणा चुकीच्या जागी आहे. गुळगुळीत पाठीवरून डोके दीर्घकाळ घसरते तेव्हा निकष फुगण्याची शक्यता असते, म्हणून निर्माते घसरण अधिक जलद करतात.

अधिक बोलकी गोष्ट वेगळी आहे. गेल्या दोन दशकांत लांबच्या उड्डाणांतील वरच्या वर्गात तिरपी, पलंगासारखी उलगडणारी आसने आली. ती ५६२ व्या कलमाच्या कल्पनेत बसत नव्हती, म्हणून एफएएने त्यांच्यासाठी विशेष अटी घातल्या. हवेच्या पिशवीशी डोक्याचा संबंध येत असेल तर ०.०१५ सेकंदांवर मोजलेला निकष ७०० च्या आत हवा, हे त्यांत आहे. मानेवरील ताण, दाब व वाक यांचा एकत्रित निर्देशांक एकच्या आत हवा आणि मानेवरील ताण ९३७ पौंडांच्या आत हवा, हेही आहे. कडेला तोंड करून बसविलेल्या आसनांसाठी तर वेगळा पुतळाच वापरला जातो. म्हणजे डोके हा मानेवर बसलेला अवयव आहे, आणि १००० हा एकच आकडा पुरेसा नाही, ही गोष्ट नियामकाला केव्हाच मान्य झालेली आहे; मात्र ती तिरप्या आसनापुरती. सरळ आसनातील प्रवाशाची मान मोजलीच जात नाही, आणि विमानातील बहुसंख्य प्रवासी सरळ आसनातच बसतात. तिरप्या आसनासाठी जे ज्ञान उपलब्ध झाले ते सरळ आसनासाठी अनुपलब्ध आहे, असे शास्त्र सांगत नाही. तो भेद नियमाच्या इतिहासातून आला आहे : नव्या वस्तूवर नव्या अटी घालता येतात, जुनी वस्तू जुन्या अटींवर चालू राहते.

जुन्या वस्तूंना हात लावणे किती कठीण असते, हे ५६२ व्या कलमाच्या अंमलबजावणीवरूनही कळते. १९८८ चे कलम फक्त नव्याने प्रमाणित होणाऱ्या विमान-प्रकारांना लागू होते. जुन्या प्रकारांची नवी विमाने कारखान्यातून बाहेर पडत राहिली. त्याच वर्षी जुन्या आसनांच्या बदलाचा प्रस्ताव मांडला गेला. तो पुढे सरकला नाही. २००२ मध्ये एफएएने सुधारित प्रस्ताव काढला, तीत वापरातील विमानांची आसने १४ वर्षांत बदलावीत असे म्हटले होते. खर्चाचा प्रश्न उपस्थित झाला आणि २००५ च्या अंतिम नियमात ती तरतूद गळाली. २७ ऑक्टोबर २००९ नंतर तयार होणाऱ्या विमानांतच सोळा जी आसने असली पाहिजेत, एवढेच उरले. कलम जन्मल्यापासून नव्या विमानांत ते सक्तीचे व्हायला २१ वर्षे लागली.

६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे बोइंग ७७७ विमान धावपट्टीपूर्वीच्या बांधावर आपटून गरगर फिरले. ७७७ या प्रकाराची आसने आरंभापासून नव्या कलमानुसार बनलेली. ३०७ पैकी तिघेच दगावले आणि आग फोफावण्यापूर्वी बहुतेक प्रवासी बाहेर आले; कलमाच्या बाजूने याहून चांगली साक्ष मिळणे कठीण. पण त्या अपघातात कण्याच्या इजा लक्षणीय होत्या आणि त्यांचा संबंध बाजूने आलेल्या जोराशी असावा, असे चौकशीत पुढे आले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये एफएएला शिफारस केली की, बाजूच्या जोरांमुळे होणाऱ्या इजांवर संशोधन व्हावे. चाचणीतील आसन मात्र आजही १० अंशच तिरपे ठेवले जाते आणि त्यावर बसलेल्या पुतळ्याला पट्टा सोडून उठता येईल काय, हा प्रश्न चाचणीच्या अहवालात कोणत्याही रकान्यात विचारलेला नसतो.